नसलेला ब्रेक

दिनू, परवा कोडोलीला जायला एसटीत बसले आणि वाघबिळाच्या वळणावर माझी नजर आपोआप शेजारच्या पायांकडं गेली. शेजारी कुणीतरी पावणं बसलेलं. मांडीवर पिशवी, मान खिडकीला टेकलेली, पाय ऐसपैस. घोरत होतं बिचारं. मला त्याचा रागच आला बघ. म्हटलं, एवढं वळण आलंय आणि ह्याला त्याचं काहीच न्हाई? मग माझं मलाच हसू आलं, आणि हसता हसता पदर डोळ्याला लागला.

कारण त्या वळणावर तू उजवा पाय दाबायचास. एसटी असो, वडापची जीप असो, नाहीतर आमच्या ह्यांची स्कूटर असो. पुढचा गाडी चालवायचा आणि मागं बसून तू नसलेला ब्रेक दाबायचास. आपण चंदगडला लग्नाला गेलतो तेव्हा वऱ्हाडाची अख्खी बस पेंगत होती, आणि तू एकटा ताठ.

"दिनू, जरा डोळा लाव की," मी म्हटलं.

"हात कुणाचा हाय ते कळल्याबिगर मला झोप येत न्हाय, आक्का."

"अरं, वीस वर्षं गाडी चालवतोय म्हणं तो."

"कुठं चालवतोय वीस वर्षं? सपाटीला का घाटात?"

हाच तुझा प्रश्न. जन्मभर हाच विचारत आलास.

तू गेल्यावर पेपरात तुझा टोपीतला फोटो आला. खाली लिहिलं होतं, विमान चालवण्याचा हजारो तासांचा दांडगा अनुभव. सगळ्यांनी वाचून माना डोलावल्या. मी मनात म्हटलं, दिनू हे वाचून खवळला असता. "कुठले तास? लिहिणाऱ्याला विचार की!" असं म्हणून पेपर आपटला असतास. म्हणून मीच लिहायला बसले. मला चौथीपुढं शाळा न्हाई. पुढचं सगळं भाजी बांधून आलेल्या कागदांवर वाचून शिकले, ते तुला ठाऊकच आहे. पण तुझे तास मला माहीत आहेत. त्यातले थोडे तर मी उभ्यानं बघितलेत, हातात निशाण धरून.

नव्वद सालाच्या आगंमागं असंल. उसावर पाकोळीची कीड पडली होती. पानं चिकट झालेली, काळी पडलेली. कारखान्यानं औषध फवारायला विमान मागवलं, आणि त्या विमानात बसून आलास तू. आपल्याच शिवारावर. कोडोलीत तेव्हा दुसरं बोलणंच नव्हतं. आपले आबा भेटेल त्याला थांबवून सांगायचे, "आपल्या समाजाला शिका म्हटलंवतं, म्हणून शिकवला. उडा म्हणून कुणी सांगिटलं न्हवतं. ते त्यानं पदरचं घातलं."

शेताच्या टोकाला पांढरं निशाण घेऊन माणूस उभा करायचा. विमानानं त्याच्या रोखानं यायचं. विमान जवळ आलं की माणसानं वाऱ्याच्या बाजूला ठरलेलं अंतर सरकायचं, म्हणजे पुढचा पट्टा कुठला ते वरच्याला कळायचं. त्या सकाळी निशाणवाला आलाच न्हाई. मी तुझी न्याहारी घेऊन आले होते, माझी पोरगी सुजाता बोटाला. लहान होती, फ्रॉक घालायची.

"आक्का, धर हे," तू म्हणालास.

"मी? मला काय येतंय त्यातलं?"

"उभं राहायला येतंय न्हवं? फक्त पळायचं न्हाय आणि वाकायचं न्हाय. वाकलीस तर मला दिसायची न्हाईस."

"आणि मला धडकलास म्हंजे?"

"दाजीला सांगतो, दुसरी बघा म्हणून."

सुजाताला लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला जांभळीखाली बसवलं. मी तोंडाला पदर गुंडाळला आणि उभी राहिले. आधी नुसता आवाज आला. मी मान वर करून आभाळात शोधत होते. आणि तू वरून आलासच न्हाई, दिनू. तू समोरून आलास. उसाच्या शेंड्यांना पोट घासत. मधे विजेची तार होती. तिच्या अलीकडं तू नाक उचललंस, पलीकडं पुन्हा अलगद खाली ठेवलंस. बाई जेवणाच्या पंगतीतनं निऱ्या उचलून जाते, तसं. ताटाला धक्का न्हाई, काही न्हाई. मग तुझा चेहरा दिसला मला. काचेच्या आतला, दगडासारखा शांत. आणि डोक्यावरनं सगळं आभाळ एकदम फाटून गेल्यासारखं झालं.

मी सरकायचंच विसरले.

तू वळून आलास, मला जागच्या जागी बघितलंस, औषध न सोडता तसाच वर निघून गेलास आणि पंख हलवलेस. खाली उतरल्यावर किती बोललास! "एका पट्ट्याला दोनदा औषध पडलं असतं! निशाण धरायला लावलंय का फोटो काढायला?" मी काय सांगणार? मी पुढं अजिंठा बघितला, समुद्र बघितला. पण अंगावर आला तो काटा पुन्हा कधी आला न्हाई. ज्याचं नाक मी पुसलं, ज्याला मी कडेवर घेऊन विहिरीवर नेलं, तो माझ्या डोक्यावरनं असा गेला.

सुजाता जांभळीखालनं पळत आली. विमान कसं होतं, आवाज केवढा होता, काही म्हणाली न्हाई. म्हणाली, "आई, मामा तारंला लागला कसा न्हाई?"

ती तिथंच पायलट झाली. कागद नंतर आले.

मग काही वर्षांनी खासगी कंपन्यांची विमानं निघाली, पायलट लागायला लागले, आणि तू उसावरनं उठून थेट मोठ्या विमानात गेलास. मला वाटलं, ज्याला तारंवरनं जाता येतं त्याला हे काय अवघड? पण चाळिशी गाठलेला तू पुन्हा पोरांबरोबर वर्गात बसलास. रविवारी आमच्याकडं जेवायला आलास की कुरकुरायचास. मी म्हटलं, वीस वर्षं भाकरी थापली म्हणून पुरणपोळी लाटता येतेच असं न्हाई. तू म्हणालास, "आक्का, हेच इंग्रजीत सांगायला आमच्या मास्तरला आठवडा लागला."

आणि मग त्या जेवणावर तू आम्हाला तुझे सोबती करून दाखवायचास. हवाई दलातनं आलेला फायटरवाला: हात लोण्यासारखा, पण घाई फार. "त्याच्या बुडाखाली जन्मभर बाहेर फेकणारी खुर्ची हुती. आता मागं शंभर माणसं बसलेली. उडी मारून चालतंय व्हय?" फ्लाइंग क्लबात शिकवून आलेला मास्तर: त्याला दुसऱ्याची चूक व्हायच्या आधी वास येतो, पण स्वतःचा हात काही दांड्यावरनं निघत न्हाई. परदेशात यंत्रावर शिकून आलेली पोरं: पुस्तक तोंडपाठ, आवाज गोड, काम नेटकं. "पण यंत्र रुसलं की हे यंत्राचीच समजूत काढत बसतात. खिडकीबाहेर बघ की बाबा!"

"आणि फवारणीवाला?" मी विचारलं होतं.

"फवारणीवाला लई भारी," तू म्हणालास. "फक्त त्याला वाटतं, विमानात तो एकटाच हाय."

सगळे हसले. तूही हसलास. पण तुझं हसणं मला पोटातलं वाटलं न्हाई. ते का, ते पुढं कळलं. मी गच्चीवर मिरच्या पसरत होते, तू सुट्टीवर आलेला, शेजारी बसून देठं काढत होतास. मान वर न करता म्हणालास, "आक्का, मागच्या आठवड्यात मी विमान ढगाखाली घालत हुतो."

मी थांबले. तू सगळं सांगितलंस, मला कळेल असं. उतरताना एक उंची ठरलेली असते. तिथवर यायचं. धावपट्टी दिसली तर उतरायचं, न दिसली तर काही विचार न करता पुन्हा वर जायचं. गो अराउंड म्हणतात त्याला. वादच न्हाई.

"पण माझ्या हाताला ती उंची उंचीच वाटत न्हाय. मी जन्मभर उसाच्या शेंड्यावर संसार केलाय. हात म्हणला, अजून थोडं, अजून थोडं, खाली गेलं की दिसतंय. शेजारी एक नवीन पोरगं. त्याचा आवाज फुटंना. तरी बोललं. 'सर, गो अराउंड.' मी वर घेतलं."

"खाली टेकडी हुती?"

"न्हवती. पण न्हवती हे हाताला कुठं ठाऊक हुतं?"

"मग त्या पोराला काय म्हणालास?"

"चहा पाजला. कप धरता येईना त्याला, असं थरथरत हुतं. ढगाला भ्यालं न्हवतं, आक्का. मला भ्यालं हुतं."

दिनू, त्या दिवशीपासून मी तुझ्या हाताकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागले. ज्या हातानं तुला तारंवरनं अलगद नेलं, तोच हात तुला ढगात ओढत होता. तेच कसब. जागा बदलली आणि कसबाची खोड झाली. मी थोरली, मी काहीतरी शहाणपणाचं बोलायला पाहिजे होतं. मी म्हटलं, "मिरचीचा हात डोळ्याला लावू नको." तेवढंच सुचलं.

मग सुजाताची पाळी आली. तिला विमान कंपनीचं बोलावणं आलं तेव्हा ती पेढे घेऊन पहिली तुझ्याकडं आली. मी मागोमाग. तू पेढा हातात घेतलास आणि विचारलंस, "तास किती झाले?"

"अडीचशे."

तू पेढा परत पुडक्यात ठेवलास. "दोन वर्षं क्लबात जाऊन पोरं शिकव. दुसऱ्याच्या चुका बघ. मग पेढा खातो."

"मामा, नोकरी आत्ता आलीय. दोन वर्षांनी कुणी बोलवायचं?"

"अडीचशे तासांत माणसाला आभाळाचा रंग कळत न्हाय."

पोरगी माझी. गप्प बसणारी न्हवंच. "मामा, तुझं इंजिन जन्मात किती वेळा बंद पडलं?"

"एकदा. खाली ऊस हुता म्हणून मऊ पडलो."

"माझं सिम्युलेटरात रोज बंद पाडायचे. चढताना, वळताना, पावसात. तुझे तास लई हायत, कबूल. पण त्यातले कितीक तास काहीच झालं न्हाई. आणि आम्हाला शेजारच्याशी बोलायचं कसं ते पण शिकवतात. तुला कुणी शिकवलंवतं?"

ती बरोबर वर्मावर बोलली, आणि तिला ते ठाऊकच न्हवतं. गच्चीवरची गोष्ट मी तिला सांगितली न्हवती. मी तुझ्याकडं बघितलं. तुझा चेहरा लाल झाला.

"मास्तरापुढं बोलणं सोपं असतंय. माझ्यासारखा म्हातारा बोका शेजारी बसला, त्याला सगळं येतंय, आणि तो चुकायलाय, तवा बोलशील?"

"बोलीन."

"बघू."

"तू कवा बघणार? माझ्या विमानात बसणार हाईस का?"

तू पेढ्याचं पुडकं बाजूला सारलंस. सुजाता उठून गेली. पेढे तिथंच राहिले, त्याला मुंग्या लागल्या. त्यानंतर किती तरी महिने मामा-भाची बोलली न्हाईत. ती मला फोनवर विचारायची, "मामा बरा हाय का?" तू मला विचारायचास, "पोरगी कुठल्या मार्गावर हाय?" मी मधे टपालवाली. आणि मलाही तुला एकच विचारायचं होतं: दिनू, तिच्या विमानात तू बसशील का? आईला दुसरं काय विचारायचं असतं? तू न्हाई म्हणाला असतास तर मी तिला जाऊ दिलं नसतं. म्हणूनच विचारलं न्हाई. भीत होते.

विचारलं न्हाई, पण बसवलं. त्याबद्दल तू मला जन्मभर टोमणे मारणार होतास. जन्मच आटोपता घेतलास.

तुझं हृदयाचं दुखणं सुरू झालेलं. मुंबईला दाखवायला मीच घेऊन गेले. जाताना बसनं गेलो आणि तू अख्ख्या वाटेवर ब्रेक दाबत बसलास. मी म्हटलं, हा असा परत येईल तर दुखणं वाढवूनच येईल. येताना मी विमानाची तिकिटं काढवली. तेव्हा मुंबई-कोल्हापूर विमान होतं, पंख्याचं, छोटं. कधी सुरू, कधी बंद. सुजाता त्याच मार्गावर होती. त्या दिवशी तिचीच पाळी आहे हे मी फोनवर गोडीगोडीत काढून घेतलं होतं. तिलाही सांगितलं न्हाई, तुलाही न्हाई.

दार लागलं आणि हवाईसुंदरीनं कॅप्टनचं नाव सांगितलं, मग को-पायलटचं. तू सावकाश माझ्याकडं वळलास.

"आक्का."

"काय रं?"

"तुला ठाऊक हुतं."

"मला काय ठाऊक? मला इंग्रजी कुठं कळतंय."

"उतरतो मी."

"दार लावलंय."

तू तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसलास. विमान निघालं तसा तुझा उजवा पाय खाली दाबला गेला. मी बघत होते. सगळा वेळ तू नुसते कान देऊन होतास. पंख्याचा सूर जरा बदलला की तुझी भुवई हलायची. पाऊसकाळ होता, खाली सगळं कापसासारखं पांढरं. मध्येच ढग फाटला की खाली पुराचं पाणी पसरलेलं दिसायचं, आणि त्यात उभा ऊस.

कोल्हापूर जवळ आलं तशी घसरण सुरू झाली. उजळाईवाडीला आंधळेपणानं उतरवणारी यंत्रं न्हवती तेव्हा. पायलटनं डोळ्यानं धावपट्टी बघायची आणि हातानं उतरवायचं. हे तुझ्याकडनंच ऐकलेलं. खिडकीबाहेर पांढऱ्याशिवाय काही न्हवतं. खडखड झाली. "चाकं आली," तू पुटपुटलास. तू माझा हात दाबून धरलेला. पाय खाली घट्ट रोवलेला. खाली एकदा काहीतरी हिरवं चमकलं आणि पुन्हा पुसलं गेलं.

"दिसंना," तू म्हणालास. "अजून दिसंना." आणि मग तुझे ओठ हलले. मला ऐकू आलं, दिनू. तू म्हणत होतास, "बोल. बोल की, पोरी."

एकदम पंख्यांचा आवाज भरून आला, पाठ खुर्चीला दाबली गेली आणि विमान वर निघालं. मागं कुणीतरी "आई गं" म्हणालं. कुणीतरी नामस्मरण सुरू केलं. मग सुजाताचा आवाज आला. माझ्या पोरीचा, पण घरात मी कधी न ऐकलेला. सरळ, ना उंच ना खाली. धावपट्टी दिसली न्हाई म्हणून वर आलोय, पावसाची सर थोडी पुढं गेली की पुन्हा उतरू, काळजीचं कारण न्हाई. आधी इंग्रजीत, मग हिंदीत, मग मराठीत.

तू डोळे मिटून ते सगळं ऐकलंस. हात माझ्या हातावरनं काढून घेतलास, पट्टा जरा सैल केलास आणि म्हणालास, "आक्का, मी झोपतो जरा."

मला वाटलं, चेष्टा. पण तुझी मान खिडकीकडं कलली. आम्ही ढगावर घिरट्या घातल्या, तू झोपलेला. पुन्हा घसरण लागली, चाकांची खडखड झाली, तू झोपलेला. खाली आता सगळं उघडं पडलेलं: कागलकडची कारखान्यांची छपरं, ओला रस्ता, उसाचे फड, आणि त्यावरनं जाणाऱ्या त्याच तारा. तुझ्या ओळखीच्या. वाऱ्यानं विमान एका अंगाला ढकललं, पुन्हा सरळ झालं. मी एकटी त्या विमानात श्वास धरून. मी तुझ्या पायाकडं बघितलं. तो चपलेतनं निघून पुढच्या खुर्चीखाली ऐसपैस पडला होता.

त्या पायाकडं बघताना मला अगदी तसंच झालं, निशाण धरलं होतं तेव्हा झालं तसं. अंगावर सरसरून काटा.

चाकं टेकली. तू जागा झाला न्हाईस. लोक उठले, पिशव्या काढल्या, तरी न्हाईस. हवाईसुंदरी घाबरून आली, "सर बरे आहेत ना?" आणि मग मीही घाबरले, काळजाचा रोगी माणूस. छातीवर हात ठेवला तर तू घोरलास. भर विमानात. त्या पोरीला हसू आवरंना.

पावसातनं छत्रीखालनं चालताना तू वळून विमानाच्या पुढच्या काचंकडं बघितलंही न्हाईस. रिक्षात बसल्यावर म्हणालास, "पोरीला सांगू नको."

"काय?"

"झोपलो म्हणून."

"का रं बाबा? किती बरं वाटंल तिला!"

"डोक्यात हवा जाईल. तिथनंच माणूस बोलायचा बंद होतोय. कॅप्टन झाली की सांग."

आणि रिक्षावाल्यानं तावडे हॉटेलजवळ गचकन वळण घेतलं तसा तू पाय दाबलास.

संध्याकाळी सुजाताचा फोन आला. तिनं काचेतनं आपल्याला जाताना बघितलं होतं. "आई, मामा हुता? काय म्हणाला?" मी म्हटलं, "काही न्हाई म्हणाला." शब्द दिला होता ना. "काहीच न्हाई?" "न्हाई." तिनं फोन ठेवला. मला वाटलं, होईल चार-पाच वर्षांत कॅप्टन, मग पेढे मी वाटीन आणि तुझ्यासमोर सगळं सांगीन. तू पुढच्या उन्हाळ्यालाही थांबला न्हाईस.

तुझ्या पुण्यानुमोदनाला सगळी आली होती. भंतेजींची वंदना झाली, जेवणं झाली, माणसं पांगली. सुजाता मागच्या दारात पायरीवर बसून होती. दोन दिवस तिच्या कंपनीचे फोन येत होते, ती उचलत न्हवती. मी शेजारी जाऊन बसले. ती म्हणाली, "आई, मी नोकरी सोडते. क्लबात शिकवायला जाते. दोन वर्षं. मामा म्हणालावता तसं."

"मामा गेला आता. आता कुणासाठी?"

"त्यानं मला शेवटपर्यंत पायलट मानलं न्हाई गं. माझ्या विमानात बसला आणि एक शब्द बोलला न्हाई. काहीतरी चुकलं असंल माझं, म्हणूनच बोलला न्हाई. हातात विमान घेतलं की तेच आठवतंय आता. हात बिचकतोय."

बिचकलेला हात घेऊन ती वर जाणार, नाहीतर जाणारच न्हाई. दोन्ही मला ऐकवंना. इकडं तुला दिलेला शब्द. तुझं म्हणणं मला पटलंही होतं, हवा जाते डोक्यात. पण दिनू, तू माणसं उंचावरनं बघितलीस, मी चुलीपाशी बसून. हवा गेलेलं डोकं खाली आणता येतं. बिचकलेला हात परत आणायला कधी कधी जन्म जातो.

मी शब्द मोडला.

म्हटलं, "सुजे, तुझा मामा त्या दिवशी तुझ्या विमानात झोपला हुता."

तिनं झटकन मान वर केली. "झोपला? मामा?"

"घोरत हुता."

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, औषधाची गुंगी असंल. मी तेच ऐकायच्या तयारीत होते. पण पोरगी तुझीच. विचारलं काय, तर, "कवा झोपला? पहिल्या वेळी उतरताना का दुसऱ्या?"

"दुसऱ्या. पहिल्या वेळी जागा हुता. माझा हात दाबून धरलावता. 'बोल की पोरी, बोल की' म्हणत हुता. मग विमान वर गेलं आणि म्हणाला, मी झोपतो."

मग तिचा चेहरा लहान झाला, जांभळीखालनं पळत आली होती तेवढा.

"आई," ती म्हणाली, "कॅप्टन अजून खालीच नेत हुते. म्हातारे, लई वर्षांचे, मामासारखे. मी म्हटलं, सर, गो अराउंड. माझा आवाज कापला हुता."

"मग?"

"मग त्यांनी वर घेतलं. आणि मी माईक घेतला."

मग गच्चीवरची गोष्ट मी तिला सांगितली. देठं काढत तू सांगितलेली, त्या थरथरणाऱ्या पोराची. ती रडली, मी रडले. रडता रडता ती म्हणाली, "मग त्यानं मला का न्हाई सांगितलं?" मी म्हटलं, फवारणीवाला गं तो. विमानात एकटाच असायची सवय.

ती शिकवायलाही जाणार आहे, दिनू. आज न्हाई, कधीतरी. म्हणाली, "मामाचं ते म्हणणं खरं हाय, दुसऱ्याची चूक बघितली पाहिजे. पण त्याचं सगळंच खरं न्हवतं." म्हणजे तुमचं भांडण चालूच आहे. चालू दे. मी मधे आहेच टपालवाली.

तिनं फोन केला, पाळी ठरली. कोल्हापूरचं विमान पुन्हा बंद पडलेलं, म्हणून रात्रीच्या बसनं गेली. जाताना तुझ्या फोटोपुढं पेढा ठेवून गेली, म्हणाली, "आता खा." मुंग्या यायच्या आत मीच खाल्ला. तुझ्या वतीनं.

सकाळी तिचा फोन आला. "पोचले, आई."

"झोप लागली का गं?"

"कुठली झोप. अख्खी बस घोरत हुती. मी घाटात पाय दाबत बसलेली."

"कुठला पाय?" मी विचारलं.

"उजवा," ती म्हणाली.